चारठाण्याच्या डोंगरातलं अस्वल

चारठाण्याच्या डोंगरात अस्वल निघालं आणि कडूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. बाकी गावाचं मात्र लग्नघर झालं होतं. परभणी जिल्ह्यात अस्वल! सोयरेधायरे फोन करून आधी अस्वलाची खुशाली विचारायचे, मग माणसांची.

वनखात्याच्या धम्मशीला मॅडमनी डोंगरातल्या झाडांना कॅमेरे बांधले होते. समोर काही हललं की आपोआप फोटो निघायचा आणि जनावर कोणतं, ते संगणक सांगायचा. पंधरा दिवसांत त्यानं नऊदा अस्वल सांगितलं. झालं! सोमवारपासून डोंगर चराईला बंद. खाली तर सगळीकडं ज्वारी-हरभरा उभा. साठ मेंढरं कडूबाईनं चारावीत कुठं, स्वतःच्या डोक्यावर?

आणि नवरा? सटवाजी पारावर बसून, अस्वल आपल्याला समोरासमोर कसं भेटलं, आपण काठीनं त्याला कसा दम दिला, हे रंगवून सांगायलाय. रोज ते अस्वल हातभर वाढत होतं.

शेवटी कडूबाई तणतणत मॅडमकडं गेली. म्हणाली, दाखवा बरं मला ते मुडदं. मॅडमनी फोटो दाखवला. सकाळचं धुकं, त्यात काळं, वाकलेलं, केसाळ काहीतरी आणि पाठीवर लाल डाग. मॅडमना वाटलं होतं, वाळलेलं पान चिकटलं असंल. कडूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ते ठिगळ तिनंच आपल्या फाटक्या लुगड्याचं लावलं होतं, नवऱ्याच्या घोंगडीला.

घरी येऊन तिनं सटवाजीला सगळं सांगितलं. त्याच्या मिशा खाली आल्या.

"आता गावाला तोंड कसं दाखवू?"

"तोंड नगा दाखवू, पाठ दाखवा. साठ मेंढरं उपाशी मरतील."

रविवारी अर्धं गाव डोंगरावर. सटवाजी घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन, वाकून, कॅमेऱ्यासमोरून गेला. मॅडमनी लॅपटॉपवर बघून मोठ्यानं वाचलं, "अस्वल, एक्क्याण्णव टक्के." लोक पोट धरधरून हसले. मॅडम तर खालीच बसल्या. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि डोंगर मोकळा झाला. कडूबाईला इतका आनंद झाला की तिनं मॅडमचा गालगुच्चाच घेतला.

मग काय, ज्याला त्याला अस्वल व्हायचं होतं. बजरंगनं घोंगडी घेतली, वाकून गेला. माणूस. योगीराज गेला. माणूस. कडूबाई पण गेली, मुद्दाम गुरगुरत. माणूस, नव्याण्णव टक्के. पुन्हा सटवाजीला धाडला.

"अस्वल," मॅडम हळूच म्हणाल्या.

सटवाजी फणकारला, मशीन बिघडलीय म्हणाला.

"मशीनला काईबी झालं न्हाई, मॅडम," कडूबाई म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी हेच सांगायलेय. माझंच कुणी ऐकंना."

आणि तिनं मेंढरं डोंगरावर घातली. मागून तिचं अस्वल मुकाट चालू लागलं.