दोनशे बारा मीटर

‘सावळा माझा बाळ, घर बांधील नेटकं,
उगवतीला खिडकी, मावळतीला फाटकऽ’

चूल सारवताना आई म्हणायची. ती जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी गॅस कटर पेटला की त्या सूंऽऽ आवाजात सावळारामला तिचा गळा ऐकू यायचा. आजही आला. कंटेनरच्या पूर्वेच्या अंगावर खडूने आखलेल्या रेघेवरून तो ज्योत फिरवत होता. पत्र्याचा तुकडा धाडकन खाली पडला आणि आतल्या काळोखात उजेडाची चौकट उमटली. बाहेर लिंबाखाली बसलेल्या बायकोला, प्रयागबाईला, त्याने विचारलं, कशी दिसते. ती म्हणाली, “बरी हाय.”

चौतीस वर्षं तो साखर कारखान्यात वेल्डर होता. दुसऱ्यांची लोखंडं जोडता जोडता निवृत्ती आली. आता चाळीतली खोली सोडायची होती. भवानीनगरच्या पुढे, कालव्याकाठी वाट्याचे दोन गुंठे होते. इंदापूरला हायवेवरच्या दलालाने त्याला जुना कंटेनर दाखवला, वर सांगितलं की ही उचलून नेता येणारी वस्तू, हिला परवानगी लागत नाही. सावळारामला ते पटलं. लोखंड त्याच्या हातचं होतं.

पण घरपट्टीला नाव लागल्याशिवाय विजेचा मीटर मिळेना. आणि घर म्हणून नाव लावायचं तर जमीन शेतीची. बिगरशेती परवानगी हवी. गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत असतं तर सोपं होतं. मोजणी झाली. दोनशे बारा भरले.

ग्रामसेवक हसला. “तात्या, गाव बारा मीटर तुमच्याकडं सरकतंय का बघा.” मग आवाज उतरवून म्हणाला, “घाबरू नका. कुणाचा तक्रारीचा अर्ज येत न्हाय तवर आमी तिकडं बघत न्हाय.”

खरंच होतं ते. कालव्याकाठची सहा-सात घरं तशीच उभी होती, कुणी अर्ज केला नाही एवढ्याच पायावर. सावळारामनेही त्याच पायावर घर टेकवलं.

शेजारच्या रानातला चुलतभाऊ नीळकंठ धावून आला. त्याने स्वतःच्या मीटरवरून वायर दिली, बोअरचं पाणी दिलं, छपरावर टाकायला ओली पोती आणली. आणि थट्टाही केली. “गड्या, ह्ये घर न्हाय, डबा हाय. उन्हाळ्यात वहिनीला चूल पेटवायला नको, भाकरी भिंतीवर थापायची.” दोघं पोट धरून हसले होते.

चाळीची किल्ली परत केली त्याच आठवड्यात नोटीस आली. विनापरवाना बांधकाम, पंधरा दिवसांत हलवा. सावळाराम इंदापूरला तहसील ऑफिसात जाऊन उभा राहिला. अर्ज टाइप केलेला होता, खाली नुसतं ‘एक नागरिक’. साहेबाने नजर वर न करता सांगितलं की आता कागद आलाय, आता दिसतंय.

येताना बसमध्ये त्याला ती थट्टा आठवली. डबा. मीटरवरून वायर देणाऱ्यालाच सगळं ठाऊक. घरी येताच त्याने वायर उपटली, गुंडाळी केली आणि नीळकंठच्या अंगणात, त्याच्या सुनेदेखत फेकली. “अर्ज तूच टाकलास.”

“न्हाय रं,” नीळकंठ म्हणाला. “ओवीच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो.”

ओवी त्याची चार वर्षांची नात. दारातच उभी होती.

“ठीव,” सावळाराम म्हणाला. “मेली तर कळंल खरं काय ते.”

सुनेने पोरीला उचलून आत नेलं. प्रयागबाई बांधावर होती. तिने सगळं ऐकलं, आणि पदर तोंडावर ओढून ती कंटेनरमध्ये शिरली.

पंधराव्या दिवशी क्रेन आली. दलाल म्हणाला, खिडक्या पाडल्यात, आता भंगारात जाणार. मालाचा कंटेनर राहिला नाही हा. कागदावर घरही झालं नव्हतं. साखळ्या ताणल्या, तो हवेत उचलला गेला, आणि दोन्ही खिडक्यांतून क्षणभर आरपार आभाळ दिसलं.

मुलगा ऋषिराज बारामतीहून टेम्पो घेऊन आला होता. प्रयागबाई सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. तिने विचारलं, फ्लॅटच्या गॅलरीत ऊन येतं का, डबा-बरणी मावेल का. ऋषिराज दोर आवळत राहिला.

“आई, फ्लॅटवर न्हाय,” तो शेवटी म्हणाला. “स्वरदाचं तुला ठावं हाय, सासू-सासरं घरात चालत न्हाईत तिला. माझ्या दोस्ताच्या, सिद्धूच्या गोडाऊनवर वॉचमनची खोली रिकामी हाय. पत्र्याची हाय, पर लाईट फुकट. पप्पांनी रातीला गेट बघायचं, तू झाडून काढायचं. झालं.”

सावळारामने मान डोलावली. लोखंड त्याला नवं नव्हतं.

टेम्पो बांधाजवळून निघाला. नीळकंठ रानात उभा होता. त्याने हात अर्धा वर केला. सावळाराम त्या बाजूला थुंकला.

“नका थुंकू,” प्रयागबाई म्हणाली. “भावजींचा काय दोष न्हाय.”

त्याने वळून पाहिलं. ती समोर बघत होती. स्टिअरिंगवरच्या मुलाच्या हाताकडे.

“अर्ज म्या दिला, टायपिंगवाल्याकडनं लिवून. डोळं दाखवाय म्हून इंदापूरला गेल्ते तवा.” तिने लुगड्याची निरी मुठीत आवळली. “वाटलं, घरच न्हाय म्हणल्यावर ऋषी न्हील आपल्याला.”