प्रेमाचा निर्देशांक

खेळाडूच्या अंगातील मोजता येण्याजोगे सर्व काही मोजून झाल्यावर टोलेडोच्या संघाने मोजता न येणाऱ्या गोष्टींकडे मोर्चा वळवला होता. हातांची लांबी, पंजाची रुंदी, चाळीस यार्डांची धाव, जागच्या जागी मारलेली उडी, ही कामे फूटपट्टी आणि घड्याळ बिनतक्रार करत असत. उरले होते ते प्रेम. कॉलेजातून व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये येऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाचे फुटबॉलवर किती प्रेम आहे, याचा दहापैकी एक आकडा त्याच्या नावापुढे लागत असे, आणि तो दशांशापर्यंत अचूक मानला जाई. कार्यालयातील कुणाच्याही संसाराला असा आकडा अद्याप लागला नव्हता, हे त्या संसारांचे सुदैव.

डेल्बर्ट हॉक हा संघाचा सर्वांत जुना पारखी. आयोवा, मिनेसोटा आणि दोन्ही डाकोटा हा त्याचा मुलूख. लहान लहान कॉलेजांच्या मैदानांवर कुडकुडत उभे राहायचे, तरुणांची पावले कशी पडतात ते पाहायचे आणि टोलेडोला अहवाल धाडायचा, हे त्याचे आयुष्य. अहवाल नेमाने जात, नेमाने वाखाणले जात आणि नेमाने बाजूला ठेवले जात. पहिल्या फेरीत त्याच्या शब्दावर संघाने आजवर एकही माणूस उचललेला नव्हता. येत्या जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळे संघ ठरलेल्या क्रमाने कॉलेजच्या पोरांतून एकेक नाव उचलतात त्या सोहळ्यात, एकदा तरी पहिले नाव आपले असावे, एवढी एकच इच्छा त्याच्यापाशी उरली होती.

आणि या वर्षी त्याच्यापाशी नावही होते. अँसेल टुफ्टे. आयोवातल्या लिंड ग्रोव्ह नावाच्या गावातल्या, मक्याच्या शेतांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या कॉलेजचा डावा टॅकल. चेंडू फेकणाऱ्याच्या पाठीवर धावून येणाऱ्या राक्षसांना थोपवणे हे त्याचे काम. अँसेल ते असे करी, की अंगावर आलेला राक्षस आपण नेमके कशावर आपटलो याचा विचार करत उठून बसे. डेल्बर्टने त्याला सलग तीन हंगाम पाहिले होते आणि त्याचे एकही पाऊल चुकीच्या जागी पडलेले त्याला आढळले नव्हते.

फेब्रुवारीच्या बैठकीत सरव्यवस्थापक रॉयस पेलेटिएर याने चित्रफीत पाहिली, परत पाहिली आणि दार लावून घेतले.

“डेल्बर्ट, हा पोरगा आपल्या पाळीपर्यंत उरेल?”

“ओमाहाची पाळी आपल्या आधी आहे. त्यांना टॅकल हवाच आहे.”

“मग याला झाकून ठेव. कुणाच्या नजरेत भरता कामा नये. बाकी मी बघतो.”

डेल्बर्टच्या छातीत काहीतरी हलले. डॉक्टर त्याबद्दल त्याला जपायला सांगत असत, पण हे त्यातले नव्हते.

झाकून ठेवणे ही या धंद्यातली मान्यताप्राप्त विद्या आहे. मार्च-एप्रिल हे दोन महिने साऱ्या संघांतील सभ्य, चर्चला जाणारी माणसे एकमेकांशी मनापासून खोटे बोलतात. नको असलेल्या खेळाडूची स्तुती करायची, हव्या असलेल्याबद्दल जांभई द्यायची. प्रत्येकजण खोटे बोलतो हे प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही प्रत्येकजण दुसऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकतो, कारण स्वतःचे डोळे वापरण्यापेक्षा ते कमी जोखमीचे असते.

मार्चमध्ये लिंड ग्रोव्हच्या मुलांची चाचणी होती. सकाळी गावातल्या एकुलत्या एक उपाहारगृहात डेल्बर्ट अंडी खात बसला असता समोरच्या बाकावर ओमाहाचा पारखी मर्ल झबोरिक येऊन आदळला. दोघांची ओळख जुनी होती, आणि ती एकमेकांना फसवण्यातच पक्की झालेली होती.

“काय रे म्हाताऱ्या, अजून जिवंत? एवढ्या लांब कुणासाठी आलास? इथल्या पॅनकेकसाठी नक्कीच नाही.”

“रिवाज म्हणून आलोय. तू?”

“मीही रिवाज म्हणूनच. तो टुफ्टे कसा वाटतो रे तुला?”

डेल्बर्टने कॉफीत साखर घातली, पुरेशी ढवळली आणि मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “गुणी पोरगा. गुरांचा डॉक्टर म्हणून फार नाव काढेल.”

बस्स, एवढेच. एक शब्द खोटा नव्हता. अँसेल खरोखरच सुट्टीत गावच्या पशुवैद्याबरोबर गोठ्यागोठ्यांतून हिंडत असे. डेल्बर्टने कौशल्य वापरले ते फक्त पुढे गप्प बसण्यात. मर्लने मान हलवली, पॅनकेक मागवले आणि विषय हवामानावर नेला. इतके सुबक खोटे आपण उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो, असे वाटून डेल्बर्टने त्याचेही बिल दिले.

ते वाक्य लिंड ग्रोव्हहून निघाले ते पायी नव्हे. आठवड्याभरात ओमाहात ‘टुफ्टेचे मन फुटबॉलमध्ये नाही’ असे झाले. तिथून ते डेन्व्हरला जाऊन ‘दोन वर्षांत खेळ सोडणार’ झाले. एका दूरचित्रवाणी वाहिनीवर, केसांना चकाकी लावलेल्या तज्ज्ञाने ‘लीगमधल्या अनेक जाणकारांच्या हवाल्याने’ सांगितले, की हा मुलगा सामन्याच्या आदल्या रात्री वासराला दूध पाजत बसला होता. वासराचे नावही त्याने सांगितले. डेल्बर्ट घरी सोफ्यावर बसून हे ऐकत होता आणि त्याला मनातून गुदगुल्या होत होत्या. पोरगा झाकला गेला होता. नुसता झाकला गेला नव्हता, पुरला गेला होता, हे त्याच्या ध्यानात यायला आणखी थोडा वेळ होता.

एप्रिलच्या आरंभी अँसेलला भेटीसाठी टोलेडोला बोलावले. संघाच्या मालकीणबाई मिसेस स्टॅकहाउस यांच्या दिवंगत पतीने गॅरेजच्या दरवाजांत अमाप पैसा मिळवला होता, आणि बाईंना माणसांची पारख असल्याची बाईंना खात्री होती. त्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारीत.

“बाळ, तू प्राणी असतास तर कोणता असतास?”

आजवर सगळ्यांनी सिंह सांगितले होते. एकाने गरुड सांगितला, तो जरा चंचल ठरला. अँसेलने खुर्चीत सावरून बसत प्रामाणिकपणे विचार केला.

“गाय, मॅडम.”

“गाय?”

“वजन भरपूर असतं, पण पाऊल बघा, कधी वेडंवाकडं टाकत नाही. आणि तिला सरकायचं नसेल तर कुणाच्या बापाला सरकवता येत नाही.”

टॅकलच्या कामाचे याहून नेमके वर्णन डेल्बर्टने कधी ऐकले नव्हते. मालकीणबाईंनी मात्र रॉयसकडे पाहिले, आणि रॉयसने छताकडे.

ड्राफ्टच्या आधीची शेवटची बैठक भरली तेव्हा अँसेलच्या नावापुढे प्रेमाचा आकडा दोन पूर्णांक एक दशांश असा लागलेला होता. तो लावला होता टेसा व्हँडरमीर या आकडेशास्त्राच्या विभागप्रमुख मुलीने. तिचा संगणक देशभरातल्या बातम्या, मुलाखती आणि गप्पा रात्रंदिवस चाळून प्रेम काढी.

“हा काय प्रकार आहे?” डेल्बर्ट म्हणाला. “मागच्या महिन्यात आठ होता.”

“नवी माहिती आली, अंकल डेल्बर्ट. तीन स्वतंत्र ठिकाणांहून दुजोरा आहे. ओमाहा, डेन्व्हर आणि टीव्ही.”

“पोरी, ती तीन ठिकाणं नाहीत. तो मी आहे.”

टेसाने पडद्यावरून नजर काढली.

“म्हणजे?” मालकीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे ही आवई मी उठवली, मॅडम. मर्लला मी सांगितलं. रॉयसनेच सांगितलं होतं झाकून ठेव म्हणून. रॉयस, सांग ना.”

रॉयसने घसा साफ केला. “झाकून ठेव म्हणालो होतो, हे खरं. पण डेल्बर्ट, तू म्हणालास काय, की तो चांगला पशुवैद्य होईल. हो ना? मग ते खोटं आहे का?”

“खोटं नाही, पण...”

“बघा. खोटं नाही.”

“अरे, ते खरं असलं तरी खोटं म्हणून सांगितलं होतं!”

“अंकल,” टेसा अतिशय मायेने म्हणाली, “तुमचा जीव गुंतलाय त्याच्यात, ते मला कळतं. पण तुम्ही एकटे आहात. आणि आकडे बघायचे तर समोर तिघंजण आहेत.”

“आणि तो गाय म्हणाला,” मालकीणबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

डेल्बर्टने मग मर्लला फोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा प्रतिस्पर्धी संघाच्या माणसाला धडधडीत सत्य सांगितले, की टुफ्टे या वर्षीचा सर्वोत्तम टॅकल आहे, आपण नाही तर निदान तुम्ही तरी त्याला घ्या. पलीकडून मर्ल पोट धरून हसला. “इतका भोळा समजतोस होय मला? म्हाताऱ्या, लाज वाटू दे जरा. तुझ्या गळ्यात पडणार असेल तो, म्हणून माझ्या गळ्यात मारतोस?”

पहिली फेरी गुरुवारी संध्याकाळी, साऱ्या देशाच्या डोळ्यांसमोर होते. लिंड ग्रोव्हमध्ये चर्चच्या तळघरात अख्खे गाव जमले होते. हॅमचे सँडविच, बटाट्याचा कॅसरोल, निळे-पांढरे फुगे, आणि दारात वाहिनीची गाडी. टोलेडोची पाळी आली तेव्हा अँसेलचे नाव फळ्यावर शिल्लक होते. ओमाहाने त्याला सोडले होते. डेल्बर्टने योजले होते तसेच, तंतोतंत, घडले होते. टोलेडोने कॅलिफोर्नियाचा एक चेंडू झेलणारा उचलला. त्याने मानेवर फुटबॉल गोंदवून घेतला होता, मुलाखतीत तो दोनदा रडला होता आणि त्याचा निर्देशांक नऊ पूर्णांक आठ होता. प्राणी त्याने सिंह सांगितला होता.

शुक्रवारी दुसरी आणि तिसरी फेरी झाली. दर पाळीला डेल्बर्ट उभा राही, दर पाळीला रॉयस त्याला हाताने बसवी. एकाही संघाने अँसेलचे नाव घेतले नाही. एवढे संघ मिळून एका माणसाला नको म्हणतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच, हे कारण प्रत्येक संघाला पुरेसे वाटत होते, आणि ते बाकीच्या सर्व संघांनीच पुरवलेले होते.

शनिवारी दुपारी, देश आपापल्या अंगणातले गवत कापत असताना, चौथ्या फेरीत रॉयस खुर्चीत ताठ बसला.

“चौथ्या फेरीत पहिल्या फेरीचा माल!” तो म्हणाला. “याला म्हणतात डाव. बघितलंत मॅडम, सगळ्या लीगला कसं झुलवलं आपण? डेल्बर्ट, तुलाही शाबासकी आहे बरं का यात.”

“आधी पोराला फोन करू दे,” डेल्बर्ट म्हणाला. रिवाज तोच होता. आधी खेळाडूला फोन, मग नाव जाहीर.

“फोन केला की बातमी फुटते. नाव आधी पाठवतो. तू मागून बोल.”

नाव गेले. टाळ्या पडल्या. रॉयस पत्रकारांसमोर टॅकलच्या फुटबॉलवेडाबद्दल बोलायला पलीकडच्या दालनात गेला, आणि डेल्बर्टने लिंड ग्रोव्हचा नंबर फिरवला. फोन बराच वेळाने उचलला गेला. मागे गुरांचे हंबरणे ऐकू येत होते.

“अँसेल, मी डेल्बर्ट हॉक. टोलेडोहून. आम्ही तुला घेतलं, बेटा.”

“हो का, सर. आभारी आहे. तुम्ही दर हंगामाला यायचात, थंडीत उभे राहायचात. आई नेहमी म्हणते, त्या माणसाला कानटोपी विणून द्यायला हवी.”

“कॅम्प दोन आठवड्यांत सुरू होतो. तिकीट पाठवतो.”

“सर, मी सकाळीच पशुवैद्यकाच्या कॉलेजला हो म्हणून कळवलं. जागा धरून ठेवायची आज शेवटची तारीख होती.”

डेल्बर्ट खुर्चीत बसला.

“गुरुवारी मी ठाम होतो,” अँसेल म्हणाला. “टीव्हीवाले काय वाट्टेल ते बोलू देत, म्हटलं. शुक्रवारीही लोक आले होते, कमी होते पण होते. मग रात्री तळघरातल्या खुर्च्या आवरताना मनात आलं, एवढी शहाणी माणसं म्हणतायत तर खरंच आपलं प्रेम आहे का, बघावं. आणि बघायला लागलो तर सापडेना, सर. आधी कधी बघितलंच नव्हतं ना. नुसता खेळत होतो.”

“अँसेल, ऐक. ती आवई माझी होती. तू दुसऱ्याच्या हाती लागू नयेस म्हणून मी बोललो. की तू गुरांचा चांगला डॉक्टर होशील.”

पलीकडे एक गाय हंबरली. कुणीतरी अँसेलला हाक मारली, आणि त्याने ‘आलोच’ म्हणून उत्तर दिले.

“पण ते खरं होतं का, सर? की तेही असंच?”

एवढ्या वर्षांत डेल्बर्टला इतका सोपा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ‘तेही असंच’ एवढे दोन शब्द बोलले असते तर पोरगा कदाचित आला असता. डेल्बर्टने ते जिभेवर घेऊनही पाहिले.

“ते खरं होतं,” तो म्हणाला.

“मग बरं झालं,” अँसेल म्हणाला. त्याचा आवाज सुटल्यासारखा वाटला. “इथे एक वासरू आडवं आलंय. जाऊ का?”

डेल्बर्टने फोन ठेवला. मालकीणबाई उत्सुकतेने जवळ आल्या.

“काय म्हणाला? रडला का आनंदाने?”

“तो येत नाही, मॅडम. गुरांचा डॉक्टर व्हायला जातोय.”

बातमी पलीकडच्या दालनात पोचायला फार वेळ लागला नाही. रॉयस टायची गाठ सैल करत आत आला, त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला होता, पण सरव्यवस्थापक झालेली माणसे क्षणभराहून अधिक पांढरी राहत नाहीत.

“मी म्हणत नव्हतो?” तो म्हणाला. “प्रेमच नव्हतं त्याचं.”

टेसाने पडद्याकडे पाहून मान डोलावली. “दोन पूर्णांक एक. खरं म्हणजे थोडा जास्तच लावला होता आपण.”

सगळ्यांनी तिचे अभिनंदन केले. पुढच्या वर्षी प्रशिक्षकांचेही प्रेम मोजावे, अशी सूचना मालकीणबाईंनी केली आणि ती जागीच मंजूर झाली. पाचवी फेरी सुरू झाली होती. रॉयसने डेल्बर्टकडे वळून विचारले, की डाकोटात कुणी नजरेत आहे का. डेल्बर्टने कोट चढवला, आपल्याला लिंड ग्रोव्हला कानटोपीचे माप कळवायचे आहे असे सांगितले आणि तो बाहेर पडला.