मध्यस्थाकडचं आभाळ

आत्या रोज सूर्योदयाला चहाचं आधण ठेवलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळाचा फोटो काढायची आणि स्वतःच्या वेबसाइटवर टाकायची. वर्षानुवर्षं. तीच खिडकी, समोरच्या कारखान्याचं तेच धुराडं, आभाळ तेवढं रोज नवं. आमच्या घराण्यातली सगळी चिकाटी तिच्याच वाट्याला गेली असावी.

माझी बायको प्रोग्रामर. आत्याचे फोटो ओळीने पळवून त्यांचा चित्रपट करणारा प्रोग्राम तिने लिहायला घेतला. तो चुकायचा, ती दुरुस्त करून पुन्हा चालवायची आणि दर खेपेला तो साइटकडे पहिल्यापासून सगळे फोटो मागायचा. शेवटी आत्याचा फोन आला.

"सूनबाई, माझी साइट धापा टाकतेय. तुझेच ना उद्योग?"

मग बायकोने आपल्याच कॉम्प्युटरवर एक प्रॉक्सी बसवला. म्हणजे मध्यस्थ. प्रोग्रामने फोटो त्याच्याकडे मागायचे. त्याने ते साइटवरून एकदाच आणायचे, प्रत ठेवून घ्यायची आणि पुढे जवळचीच द्यायची.

"यात त्याला काय सुटतं?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"मग कसला मध्यस्थ!"

प्रती कधी टाकून द्यायच्या, हे अशा मध्यस्थाला सांगावं लागतं. ती विसरली. तेवढ्यात दुसरं काम आलं आणि चित्रपट अर्धवट राहिला.

पुढे साइटला जागा देणाऱ्या कंपनीनेच गाशा गुंडाळला. तसे मेल आले होते, पण आत्याने ते जाहिराती समजून उडवले. फोटो इंटरनेटवर सुखरूप आहेत म्हणून घरचेही तिने केव्हाच पुसून टाकले होते.

"जाऊ दे रे, आभाळच तर होतं," ती म्हणाली आणि तिने फोटो काढणंच सोडलं. तिने चहा सोडला असता तरी मी इतका धास्तावलो नसतो.

एका दुपारी बायकोने काही शोधताना तो जुना प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर धुराडं उभं राहिलं.

"साइट आली परत!" मी ओरडलो.

तिने इंटरनेटची वायर उपसली. आभाळ चालूच होतं.

आत्याला रिक्षात घालून आणलं. ढग उसळत होते, विरत होते. धुराडं जागचं हलत नव्हतं आणि त्याच्यामागे सूर्य उगवतीच्या काठाकाठाने उजवीकडे सरकत जाई, थबके आणि पुन्हा डावीकडे निघे. वर्षामागून वर्ष, कुणी न हाकता. मला विनोद सुचेना. आमच्या घरात ही बातमी आहे.

"अगंबाई," आत्या पुटपुटली, "रोज काढत होते, पण हा चालतोय हे कधी दिसलंच नाही."

मध्येच एकदा पडदा पांढरा झाला आणि 'सर्व्हर व्यस्त आहे' एवढंच उमटलं. साइटने टाकलेली एक धापही मध्यस्थाने इमानेइतबारे जपली होती. आम्ही हसलोही नाही.

चित्रपट संपला तेव्हा सूर्य धुराड्याच्या जरा अलीकडे अडकला होता. आत्याने पदर खोचला.

"निघालीस कुठे? चहा टाकतेय ती."

"नको रे, सकाळी लवकर उठायचंय. तो कुठवर पोचलाय, ते बघायला नको?"