निळी पट्टी

यंत्रावरची ती निळी पट्टी सेपेशी प्रोफेसरनं स्वतःच्या नखांनी खरवडून काढली. त्याची सहाय्यक रेतवारी एमोके दारातून बघत होती.

हंगेरीतल्या सेगेदच्या त्या प्रयोगशाळेतलं लेझरचं टेबल तिनं चार वर्षं खपून उभं केलं होतं. काम हेलियमच्या अणूंचं. लेझरचा प्रकाश एवढा दांडगा, की अणूची भिंत वाकते आणि इलेक्ट्रॉन निसटतो. प्रकाश एकाच रेषेत झुलत असेल, तर निसटलेला इलेक्ट्रॉन फिरून येतो आणि आपल्याच अणूवर आदळतो. पण तोच प्रकाश स्फटिकाच्या चकतीतून नेला, की लंबगोल फिरायला लागतो, घड्याळाच्या काट्यासारखा. मग इलेक्ट्रॉन कुठल्या दिशेला फेकला गेला त्यावरून कळतं, तो कधी सुटला. भिंतीतून यायला त्याला वेळ लागतो का, यावर जगभर भांडणं. एमोकेचं मोजमाप सांगत होतं, लागत नाही. प्रोफेसरला तो लागायला हवा होता. वेळ लागला तर मानसन्मान, नाही लागला तर बसा घरी.

दोन वर्षांपूर्वी पुसताना ती चकती निखळली होती. नवी यायला सात आठवडे लागणार, म्हणून एमोकेनं तीच जुन्या कड्यात चिकटवली. चार अंश तिरपी बसली. म्हणजे कड्यावरची खूण एकीकडे, चकतीचा खरा आस दुसरीकडे. यंत्राची खोड यंत्रावरच लिहायची, ही त्या टेबलाची रीत. तिनं कड्यावर पट्टी डकवली: ‘चार अंश वजा करा. एमोके.’

आता मंत्रालयाची माणसं येणार म्हणून प्रोफेसर टेबल चकाचक करत होता. एमोकेला त्यानं आठवड्यापूर्वीच पाहुण्यांना लेझरपासून डोळे वाचवणारे काळे चष्मे वाटायच्या खोलीत धाडलं होतं.

"लोणच्याच्या बरण्या आहेत का या, नावं डकवायला?" तो पुटपुटला. "जिकडं बघावं तिकडं एमोके, एमोके!"

पट्टी त्यानं वाचलीच नाही. त्याला दिसलं ते फक्त नाव.

ती दोन पावलं आत गेली. "प्रोफेसरसाहेब, त्या पट्टीवर..."

"काय गं? चष्मे संपले?"

तो गेल्यावर तिनं केराच्या डब्यातून पट्टी उचलली.

चार महिन्यांनी प्रोफेसरच्या शोधनिबंधाचा कच्चा खर्डा फळ्यावर लागला. इलेक्ट्रॉनची दिशा हिशेबापेक्षा चार अंश पुढं, म्हणून म्हणे त्याला बाहेर पडायला वेळ लागतो! शेवटी आभार. थंड पाण्याचे नळ बसवणाऱ्या मिस्त्र्यांचेसुद्धा. एमोके कुठंच नाही.

तिला तेवढंच हवं होतं, आपल्या घामावर आपलं नाव. त्यानं ते घातलं असतं, तर त्याच क्षणी तिनं चार अंशांचं सांगितलं असतं. ती सरळ त्याच्या खोलीत गेली.

"साहेब, माझं नाव?"

"तू स्क्रू फिरवलेस, बाई," तो कॉफी ढवळत म्हणाला. "उद्या पान्याचंही नाव घालायचं का?"

निबंध छापून आला.

"किती दिवस चष्मे पुसणार?" स्टोअरमधली म्हातारी योलान म्हणाली; सगळे तिला नेनी, म्हणजे मावशी, म्हणत. "माझा नवरा असता, तर त्या सेपेशीला तिसा नदीत बुडवला असता."

"बुडवायला कशाला हवं, नेनी? तो आपणच खोल पाण्यात चाललाय."

प्रोफेसरच्या व्याख्यानाच्या दिवशी जर्मनीतल्या येनाहून एक नामांकित शास्त्रज्ञ बाई आल्या. टेबल बघायला निघालेल्या त्या बाईंना एमोकेनं चष्मा दिला आणि हलकेच म्हणाली, "प्रकाशाच्या उलट्या फिरकीचं विचारा."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं नीट पाहिलं.

सभागृहात टाळ्या संपल्या आणि बाई उठल्या. "चकती नव्वद अंश फिरवून उलट्या फिरकीनं मोजलंत का? उशीर खरा असेल, तर कोन दुसऱ्या बाजूला जाईल. चकती तिरपी असेल, तर जागचा हलणार नाही."

प्रोफेसरनं ओठ ओले केले. घाईत एकाच फिरकीनं उरकलं होतं.

"गरज... गरज नव्हती. खूण बरोबर आहे." मग त्याला मागच्या रांगेतली एमोके दिसली. बुडत्याला काडी सापडली. "एमोके! चकती तूच बसवलीस ना? सांग यांना!"

सगळ्या माना वळल्या. एमोके उभी राहिली.

"प्रोफेसरसाहेब, निबंधावर माझं नाव आहे?"

त्यानं हातातला निबंध मिटला.

"नाही ना? मग पान्याला काय विचारता?"

कोणीतरी फस्सकन हसलं. एमोके रांगेतून बाहेर आली, सावकाश चालत पुढं गेली आणि येनाच्या बाईंच्या हातात एक जाड वही ठेवली. दोन्ही फिरक्यांची मोजमापं होती तीत, दोन वर्षांची, तारीखवार. पुठ्ठ्यावर एक चुरगळलेली निळी पट्टी चिकटवलेली होती.

बाईंनी ती मोठ्यानं वाचली. नावासकट.