फुग्यांची तोंडं

रंगाच्या दुकानात शेड मी जुळवते. माझ्या नजरेला तोड नाही म्हणतात. तरी त्या जुनाट व्हिडिओ गेममध्ये धाकटे दीर मला बारा वर्षं हरवतायत. एका रंगाचे चार फुगे जुळवले की ते फुटतात आणि समोरच्याच्या बाजूला दगड कोसळतात. कोसळतात कायम माझ्याच बाजूला!

आज डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिरांना लाल-हिरव्यातला फरक कळतच नाही. माझं डोकंच चालेना.

"भावजी, मग इतकी वर्षं जुळवता काय, कपाळ?"

"रंग कोण बघतं, वहिनी? मी तोंडं बघतो."

"कसली तोंडं?"

मी स्क्रीनला नाक टेकवलं. खरंच, प्रत्येक रंगाच्या फुग्याला वेगळं तोंड होतं. हिरवा तर बारा वर्षं मला दात काढून हसत होता.