पाठीवरचे ठिपके

रंगाची वाटी फरशीवर टेकली, टक्क असा एवढासा आवाज झाला, आणि मंगलनं श्वास धरून पाळण्याकडं पाहिलं. राही हलली, ओठ चाटले, पुन्हा झोपली.

दुपारचा हा एवढाच वेळ मंगलचा. धाकटी झोपलेली, सूरज शाळेत, नवरा नानासो दुसऱ्या पाळीला गेलेला. शिरवळच्या त्या खोल्यांच्या रांगेत या वेळी नळसुद्धा गप्प असायचा. एरवी ती अंग टेकायची. आज मात्र तिच्यापुढं पत्त्यांचे चार गठ्ठे मांडलेले होते.

पत्ते राजा-राणीचे नव्हेत, परदेशी पैलवानांचे. प्रत्येकावर एका आडदांड गड्याचा फोटो आणि खाली त्याची उंची, वजन, छाती, लढती, क्रमांक. घरमालकाकडं केबल आली तेव्हापासून रांगेतली सगळी पोरं या पैलवानांच्या मागं लागली होती. पाकीट आणायचं, त्यात निघेल तो पैलवान आपला, नको असला तर दुसऱ्याशी बदली करायची. खेळताना जो तो आपल्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता बघणार, ज्याची पाळी तो "वजन" म्हणणार, मग सगळे पत्ते उघडणार. ज्याचा पैलवान जड त्यानं सगळे उचलायचे. मंगलला हे सूरजनंच शिकवलं होतं. कुस्ती तिला ठाऊक होती, पण जत्रेतली. "एवढी चमकी लावलेली चड्डी घालून कुस्ती कोण खेळतं रं?" असं तिनं विचारलं, तेव्हा पोरगं हसून जमिनीवर लोळलं होतं. मंगल ते हसणं बघतच राहिली होती. तो हसतो कसा, हेच विसरायला झालं होतं.

जत सोडून इकडं आल्यापासून सूरज मुका झाल्यासारखा झाला होता. गाव त्यांचं सीमेला लागून. बोलता बोलता तोंडात कानडी शब्द यायचा. वर्गातली पोरं तेवढाच शब्द पकडायची आणि दिवसभर त्याच्या मागं लावायची. मग त्यानं बोलणंच सोडलं. घरी यायचा, दप्तर टाकायचा आणि पाळण्याची दोरी ओढत बसायचा. नानासो म्हणायचा, "होईल की सवय." मंगलला मात्र त्या दोरीची कुरकुर नको व्हायची. शेवटी एका संध्याकाळी शेजारच्या आम्रपालीचा प्रबुद्ध दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुज्याकडं कुणी डबल हाय का?" सूरजकडं एक पैलवान डबल होता. तेवढ्यावर दोस्ती जमली.

ती दोस्ती गेल्या रविवारी तुटता तुटता राहिली होती. प्रबुद्धच्या घरी मोठा डाव बसला होता. प्रबुद्ध, त्याची धाकटी बहीण साक्षी, दुकानदाराचा ज्योतिबा आणि सूरज. सगळ्यांचे पत्ते एकत्र मिसळून वाटलेले. एकच पैलवान दोघा-तिघांकडं होता, त्यामुळं डाव संपल्यावर कुणाचा कुठला ते कळेना. ज्योतिबानं प्रबुद्धच्या कानाखाली वाजवली, प्रबुद्धनं त्याचा शर्ट फाडला, साक्षी रडत बसली. आम्रपालीनं बजावलं, पुन्हा भांडणं झाली तर पत्ते चुलीत. आजचा डाव सूरजकडं होता. ज्याच्या घरी डाव त्याच्याकडं पत्ते आधी पोचते करायचे, अशी पोरांची रीत. सकाळीच रबरं लावलेले गठ्ठे सूरजच्या हाती आले होते आणि कुठला कुणाचा ते त्यानं आईला दाखवून ठेवलं होतं. शाळेला जाताना तो दारातून मागं वळून म्हणाला होता, "आई, आज भांडणं नगं व्हायला. न्हाईतर कोन येनार न्हाई आपल्याकडं."

ते वाक्य घेऊनच मंगल सकाळपासून वावरत होती. भांडी घासताना तिला सुचलं आणि तिची तिलाच गंमत वाटली, इतकं ते सोपं होतं. तिच्या बापाची मेंढरं पाण्यावर दुसऱ्याच्या कळपात शिरायची, तेव्हा कुठं कोण भांडत बसायचं? प्रत्येकाचा आपला रंग. पाठीवरचा ठिपका बघायचा, आपलं हाकायचं.

नानासो कपाटं रंगवायच्या खात्यात होता. पाळण्याला लावायला त्यानं डब्यांच्या तळाचे उरलेसुरले रंग आणले होते. मंगलनं काडीला कापूस गुंडाळला. प्रबुद्धचे निळे. साक्षीचे लाल. ज्योतिबाचे पिवळे. सूरजचे हिरवे. एकेक पत्ता पालथा घेऊन तिनं पाठीच्या बरोबर मधोमध ठिपका दिला, बाप द्यायचा तसा, एका झटक्यात, काडी न घासता. मग ते खाटेवर, डब्यांवर, उंबऱ्यावर वाळत घातले. राही उठेपर्यंत खोलीभर रंगाचा वास भरला होता आणि मंगलला फार दिवसांनी काहीतरी पुरं केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी तिनं भडंग केलं. कढीपत्ता करकरीत तळला, शेंगदाणे जास्त घातले. पोरं आली. चपला दारात एकावर एक पडल्या. साक्षी सरळ पाळण्याशी गेली, ज्योतिबा सरळ परातीशी.

"आरं, आधी खेळ की," सूरज म्हणाला.

"खेळतोय की. तोंडानं कुठं खेळायचंय?" ज्योतिबा म्हणाला.

मंगलनं चारही रंग मिसळून पत्ते पिसले आणि वाटले. पहिली पाळी ज्योतिबाची. त्यानं आपला पत्ता पाहिला, मग समोरच्यांच्या हातांकडं पाहिलं. प्रबुद्धच्या गठ्ठ्यावर हिरवा ठिपका, साक्षीच्या गठ्ठ्यावर निळा. त्याचं भडंग चावणं थांबलं.

"साक्षीकडं निळा हाय. म्हंजी प्रबुद्धचा. म्हंजी एक नंबरवाला नायतर तो उंच. मग मी 'लढती' म्हणतो."

सगळ्यांनी पत्ते उघडले. साक्षीकडं खरंच प्रबुद्धचा एक नंबरचा पैलवान होता, पण लढती त्याच्या कमी. ज्योतिबानं सगळे उचलले.

प्रबुद्धनं आपल्या हातातला पत्ता उलटा केला, दुसरा केला, तिसरा केला. "हे कुणी केलं?"

मंगलच म्हणाली, "मीच. ओळखायला सोपं जावं म्हणून. आमच्याकडं मेंढरांना करतात तसं."

"काकू, मेंढरं लपवून ठेवायची नसतात." प्रबुद्ध ओरडला नाही, ते जास्त लागलं. "पत्त्याची पाठ सगळ्यांची सारखी असाय लागती. आता लांबून कळतंय कोण कुणाचा. ह्यो एक नंबर मी किती पैलवान देऊन घेतलाय म्हाईतीय? आता बदलीला कोण घील ह्याला?"

मंगलनं नखानं ठिपका खरवडून पाहिला. रंगाबरोबर कागदाचं सालपट निघायला लागलं, तशी तिनं बोट मागं घेतलं. सूरजकडं बघायचा तिला धीर होईना. तो उठून पाळण्याशी गेला होता आणि त्यानं दोरी हातात घेतली होती.

तेवढ्यात आम्रपाली दारात आली. औषधाच्या कंपनीतून सुटून ती थेट आली होती, हातात डबा, केसांना दिवसभराच्या टोपीची घडी पडलेली. "काय गं, मारामारी झाली का व्हायचीय अजून?"

"ताई, मी घाण केली," मंगल म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता पदर डोळ्यांना लावला. एवढ्याशा पत्त्यांसाठी! तिचं तिलाच कसंतरी झालं.

आम्रपालीनं एक पत्ता उचलून दिव्याकडं धरला. "ठिपका मातर लय बेतशीर दिलायस. एकबी वाकडा न्हाई." आणि ती हसायला लागली. कुत्सित नव्हे, पोट धरून. "आमच्या कंपनीत डब्यावर शिक्का मारायला माणूस पायजे. येतीस का?"

"आई, हसू नगंस," प्रबुद्ध म्हणाला. "माजा एक नंबर वाया गेला."

"वाया कसा? पळून गेला का मेला?"

साक्षीनं एवढ्यात काय केलं, आपला गठ्ठा मंगलच्या पदराखाली सरकवला आणि वर तोंड करून विचारलं, "आता माजा रंग दिसतोय का?"

नव्हता दिसत. मंगल तिच्याकडं बघत राहिली. मग उठली, पेटीवरची सुपडी उतरवली, झाकण उघडलं आणि तळाचं घोंगडं बाहेर काढलं. माहेरचं, काळं, जाड, अजून लोकरीचा वास धरलेलं. शिरवळला आल्यापासून ते तिनं उघडलं नव्हतं. इथं कोण घोंगडं पांघरतं? तिनं ते झटकलं आणि पोरांच्या मांड्यांवर गोल पसरून टाकलं.

"हात आत घ्या. गठ्ठे आत. बघायचं ते बी आतच बघा. भाईर काढायचा तो फोटो वर करून."

"काकू, अंधारात वजन कसं दिसंल?" ज्योतिबा म्हणाला.

"काठ उचल की आपापला."

त्यानं काठ उचलून आत डोकं घातलं. प्रबुद्धनंही घातलं. आत दोघांची टक्कर झाली. "ए, माजा बघतोस व्हय!" "तुजा कशाला बघू, मला माजाच दिसंना!" साक्षी तर पुरी आतच शिरली आणि आतूनच ओरडली, "छाती!" बाहेर नुसतं घोंगडं हलत होतं. प्रबुद्धचं तोंड बाहेर आलं ते केस विस्कटलेलं, नाकाला लोकर चिकटलेली, आणि राग कुठं सांडला त्याचा त्यालाच पत्ता नव्हता.

"तिघांत मजा न्हाई," तो म्हणाला. "आई, तूबी बस. काकू, तुमीबी. सूरज, सोड ती दोरी."

सूरजनं दोरी सोडली.

मग डाव खरा रंगला. आम्रपालीला इंग्रजी वाचता यायचं, पण पैलवानांची काही माहिती नव्हती. ती फोटो बघून बोलायची, "ह्याची छाती मोठी असंल, खाऊन खाऊन झालीया," आणि हरायची. मंगलला आकडे तेवढे कळायचे. क्रमांकात लहान आकडा मोठा असतो हे ती विसरायची आणि मोठ्या रुबाबात सत्तेचाळीस नंबरचा पैलवान टाकायची. सूरज कपाळाला हात लावायचा. "आई, तू ह्याला जत्रंतबी उतरवू नगंस." पुढं बोलताना त्याच्या तोंडून एक कानडी शब्द निसटला. तो थबकला. ज्योतिबानं तो शब्द उचलला, सगळ्यांना वाटलं आता चिडवणार; त्यानं फक्त विचारलं, "म्हंजी काय रं?" सूरजनं सांगितलं. ज्योतिबानं तो पुढच्या डावात स्वतःच वापरला, चुकीच्या जागी, आणि सूरज पोट धरून हसला.

राही उठली तेव्हा आम्रपालीनंच तिला मांडीवर घेतलं. एका हातात मूल, दुसरा हात घोंगड्याखाली. मंगल तिच्याकडं बघत होती. इतक्या दिवसांत या बाईशी तिचं बोलणं म्हणजे नळाला पाणी आलं का आणि किती वेळ आलं, एवढंच.

डाव संपला, ज्योतिबा जिंकला, पत्ते गोळा करून रंगांनी वेगळे काढले. घडीभरात झालं. कुणी कुणाला विचारावं लागलं नाही. प्रबुद्धनं आपले निळे हातात घेतले, एक नंबरवाला वर ठेवला, बराच वेळ बघितला.

"काकू, मेंढरू विकलं तर मग रंगाचं काय करतात?"

"घेणारा आपला रंग लावतो. जुन्याच्या शेजारी."

प्रबुद्धनं गठ्ठ्यातून एक पैलवान काढला, एक नंबरचा नव्हे, तेवढा तो वेडा नव्हता, पण बरा, आणि सूरजपुढं धरला. "तुजा तो टकल्या दे मला. आणि काकूंकडनं ह्याला हिरवा लावून घे."

जाताना मंगलला आम्रपालीला पुष्कळ सांगायचं होतं. ते काही जमलं नाही. तिनं परातीतलं उरलेलं भडंग कागदात बांधलं आणि तिच्या हातात कोंबलं.

"आगं, एवढं कशाला?"

"असू द्या."

"रविवारी आमच्याकडं डाव," आम्रपाली उंबऱ्यावरून म्हणाली. "घोंगडं घिऊन ये. आणि तू ये. न्हाईतर नुसतं घोंगडं धाडशील."

दार लागलं. मंगलनं अंथरूण घातलं. सूरज नव्या पत्त्यावर हिरवा ठिपका लावून घेऊन, तो वाळेपर्यंत फुंकर मारत बसला होता. मंगल राहीला थोपटत होती. आत कुठंतरी सैल झाल्यासारखं वाटत होतं. कुणाकुणाकडून काय काय मिळालं आज, आणि कुणी परत मागितलंसुद्धा नाही.

"आई, तू आज लय हसलीस," सूरज म्हणाला.

"व्हय?"

"व्हय. आवाज करून." त्यानं पत्ता दिव्याजवळ धरला, ठिपका वाळला का ते पाहिलं, आणि मान न उचलता विचारलं, "मी शाळंत गेल्यावर तू कुणासंगं खेळतीस?"

"अजून कुणासंगंच न्हाई," मंगल म्हणाली आणि घोंगडं घडी घालून पेटीत न ठेवता उशाशी ठेवलं.