सुभद्राबाईंचं पान

अविधवा नवमीचं पान छतावर ठेवून तास उलटला, तरी कावळा काही फिरकला नाही. वडे गार झाले, खिरीवर साय धरली, आणि भुकेल्या घरच्यांच्या नजरा हळूहळू शामलाकडे वळल्या.

कारण शामलाचा कॅमेरा. पोरं शिकायला पुण्याला गेली आणि तिनं पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लावून घेतला. सदर बाजारातल्या दुकानातून आणलेली ती लांबलचक लेन्स घेऊन रोज सकाळी छतावर बसायची. दुसरं कोणी आलं नाही, तर कावळ्यांवरच सराव. कावळ्यांना ते नळकांडं बंदुकीसारखं दिसत असावं. त्यांनी हे छतच टाकून दिलं होतं.

"साऱ्या मोहल्ल्यात कावळे जेवून राहिले," नणंद मयुरा म्हणाली, "आपल्याच घरी काहून नाही, सांग वं वहिनी."

"उद्यापासून कॅमेरा बंद!" शामलाच्या नवऱ्यानं, सुशीलनं, जाहीर केलं. भूक लागली की तो फार तत्त्वाचा माणूस होई.

सासरे नानाजी मात्र नुसते पानाकडे बघत होते. बायको गेल्यानंतरचं हे तिचं पहिलंच पान. "राग धरला वाटते सुभद्रानं," एवढंच ते पुटपुटले. शामलानं कॅमेऱ्याची पिशवी बंद केली. कॅमेरा गेला तर जाऊ दे, पण सासूबाईंचं पान असं पडून राहायला नको.

"मामाजी, सगळे टाकीमागे चला," सासऱ्यांना म्हणत ती उठलीच. "हलायचं नाही. पानाकडे टक लावून बघायचं नाही." सुशीलच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर तिनं दोरीवरची मातकट चादर टाकली. तो काही बोलणार होता, पण तिनं डोळे वटारले.

थोड्या वेळानं कडुलिंब सळसळला. उतरला तो कावळा नव्हता. काळं डोकं, विटकरी अंग, ही लांब शेपटी. टकाचोर! ज्याच्यासाठी शामलानं गोरेवाड्याच्या जंगलात किती चकरा मारल्या, तो आज चार हातांवर वडा फोडत होता. कॅमेऱ्याची पिशवी तिच्या पायाशीच होती. तिनं हात पदरात गुंडाळून घेतले.

"हा कुठं कावळा?" मयुरा कुजबुजली.

"कावळ्याच्याच घराण्यातला आहे," शामला म्हणाली. "चुलतभाऊ समजा."

नानाजींचे खांदे हलू लागले. रडतात की काय म्हणून तिनं वळून बघितलं, तर म्हातारा हसत होता. "सुभद्राचंच काम! रुसून माहेरी गेली की स्वतः येत नव्हती. आधी भावाले पाठवे. अन् तू काय बसून राहिली वं? काढ ना फोटो!"

"उडून जाईल, मामाजी."

"वडा सोडून? त्या घराण्याले जमत नाही ते."

हसण्यात शामलाचा हात हलला, फोटोत शेपटी अर्धी कापली गेली. तरी सुशीलला ताटावर बसू देण्याआधी नानाजींनी पडद्याला नाक लावून फोटो पाहिला.

"भाऊच आहे," ते म्हणाले. "नजर पाह्य त्याची, दुसऱ्या वड्यावर आहे."